'मुंबई-पुणे-मुंबई' : तिसऱ्या भागाकडून आम्ही काय मागितले?



कामगार चळवळीतला माणूस व्याख्यानाला उभा राहिला, की तो बोनसवर बोलणार, नाही तर कंत्राटी पद्धतीवर, असे श्रोते धरूनच चालतात. या खेपेस चालकांनी आम्हांला चित्रपटावर बोलायला सांगितले. आम्ही निवडला तोही असा, की ज्यात संप नाही, मोर्चा नाही, मालक नाही आणि मजूरही नाही. सतीश राजवाडे यांच्या 'मुंबई-पुणे-मुंबई' या चित्रत्रयीचा तिसरा भाग. ७ डिसेंबर २०१८ रोजी तो पडद्यावर आला. पहिल्या दोन भागांनी लावलेली आशा त्याने पुरी केली की नाही, एवढाच आजचा प्रश्न. ज्यांना तो क्षुल्लक वाटेल त्यांनी थोडा धीर धरावा.

आधी एक तक्रार, आपल्या तालुक्याची. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध मुळशी आहे. १९२१ साली सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या सत्याग्रहात आपल्या पणज्या-आज्यांनी मार खाल्ला, तरी धरण झालेच. इथले पाणी भिऱ्याला उतरले आणि त्याची वीज मुंबईला गेली. तेव्हा 'मुंबई-पुणे-मुंबई' या नावातला मधला शब्द कोणी उच्चारीत नाही, तो आपण मनात म्हणून घ्यावा. त्यातही योग असा, की हा तिसरा भाग येण्यापूर्वी बरोबर दोन आठवडे, २३ नोव्हेंबरला, प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' लागला होता. जमीन विकलेला बाप आणि गुन्हेगारीत शिरलेला पोरगा ही आपल्या वेशीतली कथा. त्या पंधरवड्यात पौडच्या चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. अशा वेळी कोथरूडला जाऊन एका सुखवस्तू जोडप्याला मूल होते की नाही हे पाहायचे, म्हणजे लोकांच्या दृष्टीने आमची अक्कल गहाण पडली होती.

पण आम्ही गेलो, कारण पहिला भाग आम्हांला मनापासून आवडला होता.

तो २०१० सालचा. मुंबईची एक मुलगी पुण्याला येते, ती घरच्यांनी सुचवलेल्या मुलाला नकार द्यायला. तिला पुण्याचा एक तरुण भेटतो. दोघे दिवसभर हिंडतात, भांडतात. तुमचे शहर कसे आणि आमचे कसे यावर वाद घालतात. दिवस सरता सरता कळते, की जो मुलगा नाकारायला ती आली होती तोच हा. स्वप्नील जोशी आणि मुक्ता बर्वे या दोघांनीच जवळजवळ सारा चित्रपट ओढून नेला. त्या दोघांना नावेसुद्धा नव्हती. कथा एवढीच. पण त्यात एक गोष्ट अशी होती, की जी आपल्या बोलपटांत क्वचित दिसते. एक पुरुष आणि एक स्त्री बरोबरीच्या नात्याने बोलत होती आणि मध्ये कोणी पंच नव्हता. आई नाही, बाप नाही, खलनायक नाही. तो बोले, ती उत्तर देई. ती चुकली तर तो हसे, तो चुकला तर ती सोडीत नसे.

आम्ही आयुष्यभर वाटाघाटींच्या टेबलाशी बसलो आहो, म्हणून आम्हांला याची किंमत फार वाटते. दोन्ही बाजूंना सारखीच खुर्ची असली, तरच त्याला बोलणी म्हणायचे. एक बाजू उभी आणि एक बसलेली असेल, तर ती विनवणी होते.

कारखान्यात पहिला करार होतो तेव्हा कामगार गुलाल उधळतात. दुसऱ्याला पेढे येतात. तिसऱ्या कराराच्या वेळी मात्र प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे वेगळे मागणीपत्र असते, आणि करार कितीही चांगला झाला तरी निम्मे लोक तोंड वाकडे करून घरी जातात. तिसऱ्या चित्रपटाचे हेच होते. आठ वर्षांत प्रेक्षक बदललेला असतो. आमच्या युनियनमधल्या एका पोराने २०१० साली पहिला भाग तीनदा पाहिला होता, तेव्हा त्याचे लग्न ठरायचे होते. तिसऱ्या भागाला तो मांडीवर लेकरू घेऊन बसला आणि निम्मा वेळ बाहेर त्याला फिरवीत होता. त्याने चित्रपटाकडे आपले तारुण्य परत मागितले. ते कोणता दिग्दर्शक देणार? म्हणून आमचे म्हणणे असे, की आपल्या खिशातले मागणीपत्र बाजूला ठेवावे आणि पहिल्या भागाने स्वतः होऊन काय कबूल केले होते तेवढेच पाहावे. कबूल केले होते ते बरोबरीचे बोलणे. त्याचाच हिशेब मागायचा.

दुसरा भाग २०१५ च्या दिवाळीत आला. त्यात दोघांना नावे मिळाली, गौतम आणि गौरी. नावांपाठोपाठ दोन कुटुंबे आली, लग्नाची गडबड आली, तिचा पूर्वीचा मित्र आला. प्रशांत दामले आले म्हणजे हशा आलाच. चित्रपट गोड होता. मात्र दोघांच्या बोलण्यात आता वऱ्हाड बसले होते, आणि वऱ्हाडापुढे कोणी खरे बोलत नाही. यापेक्षा अधिक त्याबद्दल आम्हांला सांगायचे नाही.

आता तिसरा. लग्न होऊन काही वर्षे झालेली. मूल इतक्यात नको असे दोघांच्या मनात, आणि तीच बातमी अवचित येते. घरची मंडळी हरखून जातात. दोघांच्या मनाची तयारी नाही. हवे की नको, हा पेच. आम्हांला वाटते, या चित्रत्रयीला यापेक्षा चांगला तिसरा विषय सुचला नसता. शहरांवरचे भांडण लटके होते, लग्नाआधीची शंकाही एका अर्थी लटकीच होती. हे भांडण मात्र खरे. यात कोणाचे तरी शरीर आहे, कोणाचे तरी काम आहे, आणि एकाने 'बरोबर' म्हटले तरी वेदना दुसरीलाच आहेत. जोवर ती दोघे एकटी असतात, तोवर पहिल्या भागाचे वचन पाळले जाते. मुक्ता बर्वे यांचा चेहरा अशा वेळी फार बोलका होतो. आनंद झाला पाहिजे हे ठाऊक आहे आणि तो होत नाही, या अवस्थेची लाज त्या चेहऱ्यावर दिसते. आमच्या पाहण्यात मराठी पडद्यावर ही लाज कोणी इतक्या सरळपणे दाखविली नव्हती.

मग दार उघडते आणि कुटुंब आत येते. सुहास जोशी, रोहिणी हट्टंगडी, दामले, सारी कसलेली मंडळी. पण पंच नसलेल्या खेळात पाच-सहा पंच आले आणि सारे एकाच बाजूचे. पुढे काय होणार हे प्रेक्षकाला कळून चुकते आणि पेच सैल पडतो. मूल झाल्यावर कामाचे काय, रजा कोणाची, नोकरीत मागे कोण राहणार, हा प्रश्न चित्रपट केंद्राशी आणीत नाही. वाटाघाटींत आम्ही पाहिले आहे, की मोठ्या मुद्द्यापाशी आले की व्यवस्थापनाचा माणूस चहा मागवतो. तसे येथे गाणे येते.

आमचे हे मागणे अवाजवी आहे काय? एका अमेरिकी दिग्दर्शकाने, रिचर्ड लिंकलेटर याने, हाच खेळ आधी मांडलेला होता. 'बिफोर सनराइज' १९९५ चा. अनोळखी दोघे व्हिएन्नात रात्रभर हिंडतात. नऊ वर्षांनी त्यांना पॅरिसमध्ये गाठले, आणि आणखी नऊ वर्षांनी, २०१३ साली, 'बिफोर मिडनाइट' मध्ये ती ग्रीसमध्ये आहेत, जुळ्या मुलींची आईबाप झालेली. तिथे हॉटेलच्या खोलीत जे भांडण जुंपते, ते कशावरून? तिला एक नोकरी चालून आली आहे, आणि त्याला अमेरिकेत आपल्या पहिल्या मुलाजवळ राहायचे आहे. कोणाच्या कामाने कोणी गाव सोडायचे? ती खोली पाहताना आम्हांला प्रेमपट पाहतो आहोत असे वाटले नाही. रात्री दोन वाजता फिसकटत चाललेल्या वाटाघाटींची आठवण झाली. प्रेम तिथेही आहे, पण गाणे त्याच्या सुटकेला येत नाही.

आणि आपल्या देशातले उदाहरण याहून मोठे आहे. सत्यजित राय यांनी 'पथेर पांचाली' १९५५ त आणि 'अपराजित' १९५६ त काढला. दुसरा कलकत्त्यात चालला नाही. व्हेनिसच्या महोत्सवात १९५७ साली त्याला सुवर्णसिंह मिळाला, आणि तिथे एका पत्रकाराने विचारले, की आपण तीन चित्रपटांची मालिका करणार काय? राय होय म्हणून गेले, तोवर तसा काही बेत नव्हता. मध्ये दुसरे दोन चित्रपट करून त्यांनी १९५९ साली 'अपूर संसार' आणला. म्हणजे तिसरा भाग हा एका अर्थी परक्या माणसापाशी दिलेल्या शब्दाखातर झाला, आणि कित्येकांना तो तिघांत श्रेष्ठ वाटतो. त्यातही बाळंतपणच आहे. अपूची बायको अपर्णा बाळंतपणात जाते. अपू मुलाचे तोंड पाहत नाही. त्याच्या लेखी आईला त्या मुलाने मारले. कित्येक वर्षांनी तो येतो, तर पोर त्याला बाप म्हणून ओळखीत नाही. मी तुझा मित्र, एवढीच ओळख तो देतो, आणि शेवटी मुलाला खांद्यावर घेऊन चालू लागतो. बापपणा आपोआप येत नाही, तो माणसाला मिळवावा लागतो, हे रायांनी दाखविले. गौतमच्या मनातली भीती त्याच जातीची आहे. पण घरात इतकी माणसे हसतखेळत असताना ती त्याला पुरती भोगायला मिळत नाही.

हे सर्व आम्ही त्या दिवशी परतीच्या एस. टी. त बोललो. बोललो म्हणजे सातजणींना ऐकविले. पिरंगुटकडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या या आमच्या भगिनी. वर्गणी काढून त्यांना रविवारच्या खेळाला नेले होते. आम्ही सांगत होतो, की प्रसूती रजेचा कायदा १९६१ चा, २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन मुलांसाठी बारा आठवड्यांची रजा सव्वीस आठवडे झाली, पन्नास किंवा अधिक कामगार असतील तिथे पाळणाघराची सक्ती आली. एवढे सारे घडल्यावर दुसऱ्याच वर्षी निघालेल्या चित्रपटात त्याचा मुद्दा होत नाही, म्हणून हा भाग फसला.

त्यांच्यापैकी एकजण कंत्राटी होती. दिवस गेल्याचे कळताच एका कारखान्यात तिचे नाव हजेरीपटावरून निघाले होते, आणि तिचे प्रकरण आमच्याकडेच होते. चित्रपटगृहात सर्वांत मोठ्याने हसली होती ती, आणि बाळ येते तेव्हा सर्वांत आधी पदर डोळ्यांना लावला तोही तिनेच. आमचे बोलणे तिने पूर्ण होऊ दिले आणि मग म्हणाली :

"दादा, तुमचं खरं हाय. पन पिच्चर रजेवर नव्हता. त्या दोघांनी बसून एकमेकांला विचारलं, पाहिजे का नको. माझं कसं झालं? सासूनं साखर वाटली, मुकादमानं गेटपास काढून घेतला. मला कुनीच विचारलं न्हाई."

गाडी भूगावच्या पुढे आली होती. थोडा वेळ कोणी बोलले नाही. आम्ही तर नाहीच.

खरे म्हणजे आम्हीही तिला विचारले नव्हते. तिचे प्रकरण हाती घेतले, तारखा लिहून घेतल्या, पगाराच्या पावत्या मागितल्या, पत्र धाडले. तिला काय हवे होते, काम परत की नुकसानभरपाई, की नुसते चार महिने कोणी भांडू नये एवढेच, हे विचारायचे राहून गेले. कायदा तोंडपाठ असलेल्या माणसाचे असे होते. पुढे ते प्रकरण तडजोडीने मिटले. पैसे मिळाले, काम मिळाले नाही. तिला काम हवे होते.

म्हणून चित्रपटाविषयीचे आमचे मत त्या रात्री थोडे हलले. जिथे आम्ही उणे पाहिले तिथे तिने अधिक पाहिले, आणि पहिल्या भागाच्या वचनाची कसोटी आमचीच होती, तीच तिने आम्हांला नीट लावून दाखविली. बरोबरीचे बोलणे तिसऱ्या भागात आहे. पुरते नाही, शेवटपर्यंत नाही, पण ज्या प्रश्नावर ते सर्वांत कठीण तिथे ते आहे. हिंजवडीच्या काचेच्या इमारतींतल्या बाईला तो पेच ओळखीचा वाटेल हे आम्ही धरून चाललो होतो. पिरंगुटच्या कंत्राटी बाईला तो हवाहवासा वाटेल, पेचच हवासा वाटेल, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. उत्तरार्धाबद्दलची आमची तक्रार मात्र कायम आहे. पंच आत यायला नको होते, आणि कामाचा प्रश्न टाळायला नको होता. तो टाळल्यामुळे चित्रपट 'बिफोर मिडनाइट'च्या उंचीला पोहोचत नाही.

आमच्या कचेरीबाहेर एक फळा आहे. दर सोमवारी त्यावर आम्ही चार ओळी लिहितो, सभेची वेळ, न्यायालयाची तारीख, कधी एखाद्या पुस्तकाबद्दल. त्या सोमवारी लिहायचे वाक्य शनिवारपासूनच मनात तयार होते, म्हणजे चित्रपट पाहण्याच्याही आधी : 'तिसऱ्या भागाने निराशा केली.' ते लिहिले नाही. 'पूर्वार्ध नवराबायकोने मिळून पाहावा' एवढेच लिहिले. उत्तरार्धाबद्दल काही लिहायचे धाडस झाले नाही. शेवटी त्या सातजणी रडत होत्या, आणि अंधार होता म्हणून सांगतो, आम्हीही.