सिएनाच्या माहेरवाशिणी

शंकरपट आपण सगळ्यांनीच पाहिलाय. आज एका घोड्यांच्या शर्यतीबद्दल बोलते. इटली देशात सिएना नावाचं जुनं शहर आहे. तिथं दरवर्षी २ जुलैला आणि १६ ऑगस्टला ही शर्यत होते. तिचं नाव पालिओ.

शहरात १७ मोहल्ले आहेत. प्रत्येकाचं वेगळं निशाण, वेगळा झेंडा. लांडगीचं साळिंदराशी पिढ्यान्‌पिढ्या वैर आणि गोगलगायीचं कासवाशी. (हो, घोड्यांच्याच शर्यतीत!) सगळे एका वेळी मावत नाहीत, म्हणून दर खेपेला दहाच मोहल्ले पळतात. शहरातल्या चौकात माती टाकतात, घोड्यावर खोगीर नसतं, तीन फेऱ्या, आणि दीड मिनिटाच्या आत खेळ खल्लास. स्वार खाली पडला आणि घोडा एकटाच पहिला आला, तरी तो मोहल्ला जिंकला. घोडा पैशानं निवडता येत नाही, चिठ्ठी टाकून वाट्याला येतो. बक्षीस म्हणजे एक रंगवलेलं रेशमी निशाण. पैसे मिळत नाहीत, उलट जिंकणाऱ्याचाच खिसा रिकामा होतो. वळणावर घोडे पडतात, काही मेलेही आहेत. आता तिथं भिंतीला गाद्या लावतात, तरी लोक टीका करतात. मला ती टीका पटते.

पण मला सांगायचंय ते बायकांचं. तिथं लग्न झालं म्हणून बाईचा मोहल्ला बदलत नाही. ती जन्मभर माहेरच्याच निशाणाची. नवरा वैरी मोहल्ल्यातला असेल, तर शर्यतीच्या दिवसांत ती सरळ माहेरी निघून जाते, आणि कुणी नाक मुरडत नाही. मूल आईच्या मोहल्ल्याचं की बापाच्या, यावरून घरोघरी वाद होतात. म्हणजे निदान वाद तरी होतो! आपल्याकडे मुलीचं लग्न ठरलं की गटाच्या वहीतलं तिचं नाव कमी करायचं, बचत हातावर ठेवायची आणि पुढचं नाव लिहायचं. मला ते काम दरवेळी जड जातं. तिकडच्या मोहल्ल्यांचीही मंडळं आहेत. त्यातली बरीच एकोणिसाव्या शतकात एकमेकांच्या अडीनडीला मदत करायलाच निघाली, आपल्या गटांसारखी.

आणि या मोहल्ल्यांच्या हद्दी १७२९ साली कायमच्या आखून दिल्या त्या एका बाईनं. व्हायोलांते तिचं नाव, ती शहराची राज्यपाल होती. घोड्यावर बसायला मात्र बाईला फार थांबावं लागलं. विसाव्या शतकात एकच बाई पालिओत उतरली, रोझाना बोनेल्ली, १९५७ साली, गरुड मोहल्ल्याकडून. ती पडली, पण तिचं नाव लोक अजून घेतात.

जो मोहल्ला सगळ्यात जास्त वर्षं जिंकला नाही, त्याला बाकीचे 'नोन्ना' म्हणजे आजी म्हणून चिडवतात. सुरवंट मोहल्ला १९९६ साली जिंकला तो ४१ वर्षांनी. तेव्हा कुठे त्याचं आजीपण सुटलं आणि दुसऱ्याच्या गळ्यात पडलं. आजी म्हणवून घेण्यात एवढं लाजण्यासारखं काय, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.