सिकलसेल आणि परिचारिका
(परिचारिका-विद्यार्थिनींपुढे केलेले भाषण)



वैद्यक हा माझा विषय नव्हे. सेमिनरीत आम्हांस लॅटिन शिकविले, शरीरशास्त्र नव्हे. तथापि अक्कलकुव्यासारख्या ठिकाणी राहणाऱ्यास सिकलसेलविषयी अज्ञानी राहणे शोभत नाही.

काही वर्षांपूर्वी एक मुलगा पाय दुखतात म्हणून कामास जाईना. ताप नाही, सूज नाही, असे पाहून मी त्यास चारचौघांत कामचुकार म्हटले. पुढे त्याचे रक्त तपासले गेले, आणि मला त्याची क्षमा मागावी लागली.

आपल्या रक्तातील तांबड्या पेशी वाटोळ्या व लवचीक असतात. ह्या रोगात प्राणवायू कमी पडला की त्या विळ्यासारख्या वाकून ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पलीकडील हाडामांसाची उपासमार होते. तीच ती वेदना. ती डोळ्यांस दिसत नाही, म्हणून रोग्याच्या शब्दावर विश्वास ठेवणे हे तुमचे पहिले कर्तव्य होय. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसच. ह्यामुळे रोगी फिकट दिसतो. अशा पेशींचे वर्णन शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक ह्यांनी १९१० साली प्रसिद्ध केले. भारतात हा दोष निलगिरीतील आदिवासींत आढळल्याची नोंद १९५२ची आहे.

सोल्युबिलिटी चाचणीने दोष आहे एवढेच कळते; मनुष्य रोगी की केवळ वाहक, हे इलेक्ट्रोफोरेसिससारख्या पुढील तपासणीनेच ठरते. वाहकास उगाच रोगी म्हणू नका. तुमच्या एका शब्दाने ठरलेली सोयरीक मोडू शकते! आईबाप दोघेही वाहक असल्यास प्रत्येक खेपेस मूल रोगी निपजण्याचा संभव चारांत एक असतो. एक मूल आजारी झाले म्हणून पुढील तिघे सुटले, असा हिशेब नाही. आणि दोष दोघांकडून येतो. सासूने सुनेसच बोल लावला, तर तिला हे स्पष्ट सांगा.

मजुरीसाठी येथील कुटुंबे गुजरातेत जातात. उन्हात राबताना पाणी कमी पडले, तर वेदना उसळते. थंडीनेही तसेच होते. म्हणून निघण्यापूर्वी त्यांस पाण्याचे, पांघरुणाचे आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचे स्मरण द्या. लहान मुलास ताप आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. डाव्या बरगडीखाली पानथरी कशी चाचपावी, हे प्रत्येक आईस तिचाच हात धरून दाखवा. ती एकाएकी वाढली व मूल पांढरेफटक पडले, तर हाती फार थोडा वेळ असतो.