काळ्या मातीवरचें अंगण

देशावरील जुन्या गांवांत जमिनीचीं दोन नांवें रूढ होतीं: पांढरी आणि काळी. घरें, देवळें, चावडी यांची वस्ती जिच्यावर असे ती पांढरी. ज्वारी, हरभरा, कापूस जिच्यांत पिके ती काळी. काळीनें पोटाला घालावें आणि पांढरीनें आसरा द्यावा, अशी ही साधी वांटणी होती. तींत सोयीबरोबर अनुभवाचाही कांहीं भाग असावा, असें मानण्यास जागा आहे. कारण काळ्या जमिनीवर उभारलेली भिंत फाटते, हें शेतकऱ्याला पुस्तकावांचून ठाऊक होतें.

आतां शहरांनीं गांवठाणाची वेस केव्हांच ओलांडली आहे. नागपूर, अकोला, जळगांव, परभणी, लातूर, सोलापूर अशा शहरांच्या कडेला, जेथें पूर्वीं कापसाचें किंवा ज्वारीचें शेत होतें, तेथें घरांचे भूखंड पडले आहेत. घर बांधून होतें, गृहप्रवेश होतो, आणि मग दारापुढें चिखल होऊं नये म्हणून अंगणांत सिमेंट-काँक्रीटचा कोबा करण्याचें ठरतें. पहिलें वर्ष सुखानें जातें. दुसऱ्या वर्षीं कोब्याच्या मधोमध बारीक रेघ उमटते. तिसऱ्या वर्षीं तींत नाणें उभें राहतें. आणि पुढें एखाद्या पावसाळ्यांत असें आढळतें कीं, अंगणाचा ढाळच उलटला असून पाणी रस्त्याकडे जाण्याऐवजीं घराच्या जोत्याकडे येत आहे. यजमान सिमेंटला दोष देतात. गवंडी म्हणतो, कोब्यावर पाणी मारण्यांत घरच्यांनीं कसूर केली. पुष्कळदां सिमेंटही चांगलें असतें आणि पाणीही पुरेसें मारलेलें असतें. दोष त्या दोहोंच्या खालीं, मातींत असतो.

ही माती आली कोठून? सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरांवर थर दख्खनवर पसरले. त्यांचा जो काळा कातळ झाला, तो ऊन, वारा आणि पाऊस यांनीं झिजून त्याची ही माती बनली. तिच्यांत माँटमोरिलोनाइट नांवाचें खनिज असतें. फ्रान्समधील माँटमोरियों या गांवावरून त्याला १८४७ सालीं हें नांव मिळालें. या खनिजाची रचना पोथीच्या सुट्या पानांसारखी असते. एकेक पान मिलिमीटरच्या सुमारें दहा लाखाव्या भागाएवढें पातळ. दोन पानांच्या मध्यें पाणी शिरलें कीं पानें एकमेकांपासून दूर सरतात; ऊन लागून पाणी निघून गेलें कीं तीं पुन्हां मिटतात. अशा असंख्य पोथ्या एकाच वेळीं उघडल्या-मिटल्या म्हणजे शेताची सबंध पाठ वर-खालीं होते. वैशाखांत काळ्या रानांत ज्या भेगा पडतात, त्यांत वरची माती पडून खालींवर होते. म्हणून ही जमीन स्वतःला नांगरते, असें म्हणतात. शेताच्या दृष्टीनें जो गुण, तोच घराच्या दृष्टीनें दोष ठरतो.

या मातीचें बळ किती असतें, याची सहसा कल्पना नसते. चार इंच जाडीच्या काँक्रीटचें वजन दर चौरस फुटाला सुमारें २३ किलो भरतें. उलट, फुगूं पाहणारी काळी माती कोंडली गेली तर तिचा वर रेटण्याचा जोर दर चौरस फुटाला अर्धा-एक टन, आणि कांहीं ठिकाणीं त्याहूनही अधिक असतो. कोबा सहा इंचांचा केला तरी त्याचें वजन ३४ किलोंपलीकडे जात नाहीं. तेव्हां नुसत्या जाडीनें या मातीला दाबून धरण्याचा बेत व्यर्थ आहे.

सबंध कोबा सारखाच उचलला जाऊन सारखाच खालीं बसता, तर फारसें बिघडलें नसतें. परंतु कोबा म्हणजे मातीवर घातलेलें झांकण. झांकणाच्या मध्यभागीं ऊन पोंचत नाहीं, त्यामुळें खोलांतून वर येणारी ओल तेथें अडकून वर्षानुवर्षें वाढत जाते. कडेची माती मात्र हवेला उघडी असते. ती आषाढांत फुगते आणि वैशाखांत आक्रसते. पावसाळ्यांत कडा वर येतात, उन्हाळ्यांत त्या खालीं जातात आणि मध्य तसाच फुगलेला राहतो. काँक्रीट दाब सोसतें, परंतु वांकणें त्याच्या स्वभावांत नाहीं, तें फुटतें. तात्पर्य, मातींतील ओल एका जागीं एक आणि दुसऱ्या जागीं दुसरी असणें, आणि ती ऋतूबरोबर बदलत राहणें, हें या सर्व अनर्थाचें मूळ आहे. हें सूत्र ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील उपायांचा अर्थ सहज उलगडतो.

पहिलें काम मातीची परीक्षा. कोंकणांतील जांभ्याच्या भूमीवर हें संकट नाहीं. आणि देशावरही काळीचा थर सर्वत्र सारखा नसतो. कोठें हातभर खोदतांच मुरूम लागतो, कोठें दहा-पंधरा फूटपर्यंत काळीच. म्हणून अंगणांत दोन-तीन ठिकाणीं खड्डे घेऊन पाहावें. माती किती फुगते हें मोजण्याची एक सोपी रीत भारतीय मानकांत १९७७ पासून आहे. वाळवून चाळलेली दहा दहा ग्रॅम माती दोन नळ्यांत घेऊन एकींत पाणी आणि दुसरींत रॉकेल ओततात. रॉकेल त्या पानांत शिरत नाहीं, पाणी शिरतें. एक दिवसानें दोन्ही नळ्यांतील मातीचें आकारमान ताडून पाहतात. पाण्यांतील माती रॉकेलमधील मातीहून वीस टक्क्यांपर्यंतच वाढली, तर फारशी भीति नसते. पन्नास टक्क्यांवर वाढली, तर ती माती अत्यंत फुगणारी समजावी. माती तपासणाऱ्या कोणत्याही प्रयोगशाळेंत ही परीक्षा थोड्या खर्चांत होते, आणि ती कोब्यापूर्वीं करून घेण्यांतच शहाणपण आहे.

दुसरें काम माती बदलण्याचें. काळीचा थर दोन-तीन फुटांचाच असेल, तर तो सबंध काढून मुरमापर्यंत जावें. याहून खात्रीचा उपाय नाहीं. थर खोल असेल तर निदान दीड-दोन फूट माती काढून तेथें न फुगणारा, किंचित् चिकट असा मुरूम भरावा. तो एकदम न ओततां सहा सहा इंचांच्या थरांनीं, बेताचें पाणी शिंपून, धुमसून किंवा यंत्रानें दाबून बसवावा. येथें वाळू वापरण्याचा मोह होतो, कारण ती पसरण्यास सोपी. परंतु चिकण मातीच्या खड्ड्यांत भरलेली वाळू हौदासारखें काम करते: पावसाचें पाणी तींत सांठतें आणि खालच्या काळीला महिनोन् महिने पाजीत राहतें. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील प्रा. आर. के. कट्टी यांनीं काळ्या मातीचा दीर्घ अभ्यास करून असें दाखविलें कीं, न फुगणाऱ्या परंतु चिकटपणा असलेल्या मातीचा सुमारें मीटरभर जाडीचा थर खालच्या काळीचें फुगणें आंवरून धरतो. त्यांची ही पद्धति कालव्यांच्या अस्तरासाठीं उपयोगांत आली. अंगणासाठीं मीटरभर थर सर्वांना परवडेल असें नाहीं; परंतु जितका थर अधिक, तितकी हालचाल कमी, हा नियम तेथेंही लागू आहे. मुरूम लांबून आणावा लागत असेल तर काळीच्या वरच्या थरांत तिच्या वजनाच्या चार ते सहा टक्के चुना नीट मिसळून ती दाबतात. चुन्यानें मातीची पाणी ओढण्याची वृत्ति बरीच मंदावते.

तिसरें काम घर आणि अंगण यांची फारकत. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेनें काळ्या मातीवरील घरांसाठीं बुडाशीं फुगीर असे काँक्रीटचे खांब प्रचारांत आणले. ते साधारणतः साडेतीन मीटर खोल नेतात, कारण ऋतूप्रमाणें होणारा ओलीचा बदल त्याखालीं सहसा पोंचत नाहीं. अशा पायावरील घर स्थिर राहतें. अंगण मात्र वरच्या चंचल मातीवरच बसलेलें असतें. स्थिर आणि चंचल यांची गांठ घट्ट बांधली तर दोहोंपैकीं एक फाटणारच. म्हणून कोबा जोत्याला चिकटवूं नये. मध्यें अर्धा इंच फट ठेवून ती डांबरी पट्टीनें भरावी आणि वरून पाणी शिरणार नाहीं अशा लवचिक मसाल्यानें बंद करावी. पायऱ्या, तुळशीवृंदावन आणि कुंपणाचे खांब यांच्याभोवतींही हीच काळजी घ्यावी.

यानंतर कोब्याची पाळी. चार इंच जाडीचा कोबा आठ ते दहा फुटांच्या चौकोनांत विभागून घालावा. म्हणजे भेग पडलीच तर ती आंखून दिलेल्या सांध्यांत पडेल. सळयांची जाळी भेग थांबवीत नाहीं, परंतु तिचे दोन ओंठ दूर जाऊं देत नाहीं. मात्र ती जाळी जमिनीवर लोळत ठेवल्यास निरुपयोगी होते. लहान ठोकळ्यांवर उचलून ती काँक्रीटच्या मध्यांत राहील असें करावें. ढाळ घरापासून बाहेर, दर दहा फुटांस अडीच इंच असावा. काँक्रीट ओतल्यावर निदान सात दिवस, आणि कडक उन्हाळा असेल किंवा राखमिश्रित सिमेंट असेल तर दहा दिवस, तें ओलें ठेवावें.

काम केव्हां करावें, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे. वैशाखांत भेगाळलेल्या मातीवर कोबा घातला तर पहिल्याच पावसांत ती फुगून त्याला उचलते. श्रावणांत फुगलेल्या मातीवर घातला तर उन्हाळ्यांत ती त्याच्या कडांखालून आक्रसून जाते. दिवाळीनंतरचे एक-दोन महिने, जमीन ना फार ओली ना फार कोरडी असतांना, या कामाला उत्तम.

काम संपल्यावरही पथ्य संपत नाहीं. पागोळ्यांचें पाणी पन्हाळीनें गोळा करून अंगणापलीकडे न्यावें. कोब्याला लागून बागेचा वाफा करूं नये. गळका नळ आणि फुटकी मोरी आठवड्याच्या आंत दुरुस्त करावी. तेवढ्याच जागेंतली माती फुगून कोबा तिरका होतो. कडुनिंब, पिंपळ, गुलमोहर अशीं झाडें वाढल्यावर जितकीं उंच होतील, तितकीं तरी दूर असावीं, कारण त्यांचीं मुळें उन्हाळ्यांत मातींतली ओल ओढून घेतात. उलट, जुनें मोठें झाड कोबा घालण्याच्या सुमारास तोडणेंही घातक आहे. तें पीत असलेलें पाणी मग मातींतच राहतें आणि तेथील जमीन पुढें कित्येक वर्षें फुगत राहते.

इतकें करणें ज्यांना शक्य नाहीं त्यांनीं निराश होण्याचें कारण नाहीं. दाबलेल्या मुरमावर शहाबादी फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे सुटे मांडले तर जमीन हलली तरी तेही तिच्याबरोबर हलतात. दोन-तीन वर्षांनीं उचलून, खालचा मुरूम सारखा करून ते पुन्हां बसवितां येतात. शेणानें सारवलेल्या जुन्या अंगणांत हीच युक्ति होती. तेंही भेगाळे, परंतु घरांतल्या बायका दर सणावाराला भेगा बुजवून तें पुन्हां नवें करीत. त्या अंगणाला जमिनीशीं झगडावें लागत नसे. खर्च त्यांच्या श्रमांचा होता, आणि तो कोणी मोजीत नसे.

फुटलेलें अंगण हा केवळ शोभेचा प्रश्न असता, तर त्याची एवढी चर्चा करण्याचें कारण नव्हतें. उंचावलेल्या सांध्याला ठेंच लागून घरांतलें वृद्ध माणूस पडतें. उलटलेल्या ढाळावरून आलेलें पाणी जोत्याखालीं मुरतें, आणि जी भेग अंगणांत होती ती दोन-चार वर्षांत भिंतींत दिसूं लागते. आयुष्याची पुंजी ज्या घरांत घातली, त्याच्या पायाला हा धोका अंगणांतून येतो. म्हणून कोब्याचा ठराव करतांना सिमेंटच्या गोण्या किती, हें विचारण्यापूर्वीं गृहस्थानें गवंड्याला विचारावें, खोदणार किती आणि भरणार काय? काळीवर राहावयाचें, तर अंगणापुरती तरी पांढरी आपल्या हातानें तयार करावी लागते.