झेंडा आणि सिव्हिल लाइन्सचा रस्ता



धंतोलीतून निघून वर्धा रोडने राहाटे कॉलनीकडे गेलं, की मध्यवर्ती कारागृहाची भिंत लागते. दवाखान्यांच्या गर्दीतून वाट काढणाऱ्या आपल्या धंतोलीकरांचं तिकडे फारसं लक्ष जात नाही. पण १९२३ च्या उन्हाळ्यात नागपूरच्या या तुरुंगात गुजरातपासून बिहारपर्यंतची माणसं येऊन पडली होती. गुन्हा एकच. हातात झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे चालत जाणं.

सुरुवात जबलपूरची. तिथल्या नगरपालिकेवर स्वराज्याचा झेंडा लागला, तेव्हा त्याचा जाब थेट लंडनच्या पार्लमेंटात विचारला गेला. मग झेंडा दिसला की अडवायचा, असं सरकारी धोरणच झालं. नागपुरात १३ एप्रिल १९२३ ला, जालियनवाला बागेच्या स्मृतिदिनी, मिरवणूक निघाली आणि पोलिसांनी ती सिव्हिल लाइन्सच्या तोंडाशी रोखली. शहरात झेंडा फिरवा, साहेबांच्या बंगल्यांसमोर नको! हे भाषण आज त्याच सिव्हिल लाइन्सच्या आकाशवाणीवरून तुमच्यापर्यंत येतंय, याची मला बोलताना गंमत वाटते.

१ मेपासून जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. रोज एक तुकडी निघायची, अडवली जायची, तुरुंगात जायची. जूनमध्ये जमनालालजींनाच पकडलं. अठरा महिन्यांची शिक्षा आणि तीन हजार रुपये दंड. दंडासाठी त्यांची मोटार जप्त झाली, पण नागपुरात बोली लावायला कुणी पुढे येईना. शेवटी ती बाहेर नेऊन विकावी लागली. विनोबा पकडले गेले. जबलपूरहून आलेल्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहानही. मग वल्लभभाई पटेल येऊन बसले आणि त्यांनी देशभरातून माणसं मागवली. अटकेचा आकडा दीड हजारांच्या पुढे गेला.

आता त्या झेंड्याकडे बघू. आजचा माणूस तो चटकन ओळखणार नाही. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा इतर सगळ्यांचा, असा अर्थ गांधीजींनी १९२१ मध्ये लावला होता. मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. काँग्रेसनं हा झेंडा ठराव करून तोवर स्वीकारलेलाच नव्हता! रीतसर ठराव झाला १९३१ मध्ये. तेव्हा केशरी वर गेला, पांढरा मध्ये आला, आणि रंग धर्मांचे नाहीत, गुणांचे आहेत, असं मुद्दाम सांगितलं गेलं. म्हणजे कागदावर ज्याला काही दर्जा नव्हता, त्या कापडासाठी ही माणसं आठ वर्षं आधीच तुरुंगात जाऊन आली होती. झेंडा राष्ट्रीय झाला तो या रस्त्यावर, असं माझं मत आहे. ठरावानं फक्त मोहोर उमटवली.

झेंड्याचे रीतिरिवाजही इथूनच रुजले. हुबळीच्या डॉ. हर्डीकरांच्या मंडळाचे स्वयंसेवक नागपूरच्या तुरुंगात माफी न मागता टिकले, हे देशानं पाहिलं. १९२३ च्याच डिसेंबरात काकिनाड्याला त्यातूनच हिंदुस्थानी सेवा दल उभं राहिलं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी झेंडावंदन करण्याची पद्धत त्यांनी गावोगाव नेली. शाळेत सावधान म्हणताच आपण ताठ उभे राहतो, त्यामागे हाही धागा आहे.

त्याआधी, १८ ऑगस्टला, झेंडा घेतलेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून निर्वेध गेली. विठ्ठलभाई पटेलांच्या गव्हर्नर फ्रँक स्लाय यांच्याशी भेटी झाल्या होत्या. सरकार म्हणालं, रीतसर परवानगी मागितली. वल्लभभाई म्हणाले, मुळीच नाही. हा वाद मिटला नाही, पण कैदी सुटले.

२२ जुलै १९४७ ला संविधान सभेनं चरख्याच्या जागी चोवीस आऱ्यांचं अशोकचक्र घेतलं. गंमत पुढेच आहे. स्वतंत्र भारतातही सामान्य नागरिकाला घरावर झेंडा लावायची मुभा होती ती ठरावीक दिवसांपुरती. वर्षभर रोज लावायची मोकळीक मिळाली २६ जानेवारी २००२ पासून. ज्या शहरातल्या लोकांनी झेंडा हातात धरण्यासाठी तुरुंग पत्करला, त्या शहरातल्या माणसालाही आपल्या गच्चीवर तो मनाला येईल त्या दिवशी लावायला एकोणऐंशी वर्षं थांबावं लागलं.