थकबाकीचा आकडा आणि त्यामागचा हिशेब

आजची गोष्ट अडीचशे रुपयांची आहे. रक्कम छोटी, पण तिच्यापायी मी एका भल्या माणसावर मनातल्या मनात चोरीचा आळ घेतला होता.

मी सांगलीची, गावभागातली. शिकायला साताऱ्यात होते, तिथल्याच एका वाचनालयाची सभासद. अनामत 500 रुपये, वर्षाची वर्गणी 300. जुलै 2019 मध्ये आजीसाठी एक कादंबरी घरी आणली आणि तिच्याकडेच ठेवून परत गेले. ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. सांगली जिल्हा नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं त्या पुरात भिजली, तिथं आमच्या घरातल्या एका कादंबरीची काय कथा!

साताऱ्याला गेल्यावर काउंटरवरच्या काकांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अगं पोरी, घरचे सुखरूप आहेत ना? मग पुस्तकाचं राहू दे." मला भरूनच आलं.

जानेवारीत मी वर्गणीचे 300 रुपये काकांकडेच रोख भरले. फेब्रुवारीत पुण्यात नोकरी लागली, म्हणून अनामत परत मागायला गेले. काका जेवायला गेले होते, जागेवर एक ताई होती. स्क्रीन बघून म्हणाली, "तुमची 250 रुपये वर्गणी बाकी दिसतेय."

पावती? ती मी खूण म्हणून कुठल्याशा पुस्तकात घातली आणि पुस्तकासोबत परतही करून टाकली. खरं सांगते, पहिला विचार हाच आला, की काकांनी पैसे खिशात टाकले.

ताई म्हणाली, "थांबा, नुसता आकडा नको, आधीच्या नोंदी बघू." तिथं कोहा नावाचं सॉफ्टवेअर होतं. हे न्यूझीलंडमध्ये तयार झालेलं मुक्त सॉफ्टवेअर. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. त्यात प्रत्येक सभासदाच्या खात्यावर आकारणी आणि भरणा तारखेनुसार दिसतात. तिनं माझं खातं उघडून स्क्रीन माझ्याकडे वळवली.

पहिली ओळ: हरवलेल्या पुस्तकाची किंमत, 250. दुसरी: वर्गणी, 300. तिसरी: रोख जमा, 300.

म्हणजे काकांनी माझा पैसा न पैसा जमा केला होता! मग बाकी कशाची? ताईनं जमा रकमेचा तपशील उघडला. कोणत्या आकारणीपोटी भरताय हे निवडलं नाही आणि नुसती रक्कम टाकली, तर कोहा ती सगळ्यात जुन्या देण्यापासून वळती करत जातो. माझ्या 300 पैकी 250 पुस्तकापोटी गेले, उरलेले 50 वर्गणीत. वर्गणीचे 250 बाकी राहिले.

काकांनी माफी दिली होती ती तोंडी. सॉफ्टवेअरला ती कोण सांगणार?

तेवढ्यात काका आले. ऐकून कपाळावर हात मारला. "चूक माझी गं. ग्रंथपाल मॅडमची सही घेऊन तेव्हाच रक्कम माफ दाखवायला हवी होती." मॅडमनी परवानगी दिली. जमेची नोंद रद्द केली, पुस्तकाचे 250 माफ म्हणून नोंदवले आणि ते 300 पुन्हा वर्गणीपोटी जमा केले. बाकी शून्य. अनामतीचे 500 हातात आले.

काकांनी माफी मागितली, मी मात्र माझ्या मनात काय आलं होतं ते सांगू शकले नाही. ते आज इथं सांगतेय.

म्हणून मित्रांनो, वाचनालय असो, मेस असो की जिम, थकबाकी सांगितली की भांडायच्या आधी म्हणा, "पूर्ण व्यवहार दाखवता का?" पावतीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. आणि कुणी "राहू दे" म्हणालं, तर आभार माना आणि हळूच विचारा, "काका, तेवढी नोंद करता का?" त्यात अविश्वास नाही. उलट उद्या त्याच माणसावर संशय यायची वेळ येत नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!