रोज एकच गोष्ट

तारोडी, डोंगरी, उत्तनच्या आई-बाबांनो, आजी-आजोबांनो,
सुट्टीत मुलांना रोज एकच गोष्ट वाचून दाखवा.
एकच!

सुरुवात करा बोक्या सातबंडेपासून.
दिलीप प्रभावळकरांचा हा बोक्या आधी आकाशवाणीवर आला,
मग पुस्तकांत.
म्हणूनच तो मोठ्यानं वाचताना जास्त रंगतो.

मग घ्या भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे.
फुरसुंगीचा बनेश फेणे!
सायकलवर टांग टाकतो,
संकटात उडी घेतो,
आणि मध्येच... ट्टॉक्!
हा आवाज घरात दिवसभर घुमेल, तयारी ठेवा.

ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या जुन्या काळातला.
काही शब्द मुलांना अडतील.
अडू द्या, विचारतील की!

पण रोज एकच गोष्ट, बरं का.
दुसरी मागितली, तर म्हणा... उद्या!