शंका हीच पात्रता



आज एकच प्रश्न मांडते. समोर आलेलं बाळ उपचाराला पात्र आहे, हे आपण कशावरून आणि कधी ठरवायचं?

काही वर्षांपूर्वी एक आजी आठ महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. “आमचा बाळ्या डावखुरा आहे हं,” त्या कौतुकाने म्हणाल्या. मी चटईवर खुळखुळा ठेवला. बाळाने तो डाव्या हाताने उचलला. मग मी तो त्याच्या उजवीकडे सरकवला. बाळ अख्खं वळलं, पण पुढे आला तो डावाच हात. उजवी मूठ मिटलेली, अंगठा आत दडलेला. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरू लागलं, तर आपण दुसऱ्या हाताकडे पाहायचं असतं. आईला हे दोन महिन्यांपूर्वीच खटकलं होतं. तिने विचारलंही होतं. “वर्षाचा होऊ द्या, मग बघू,” असं उत्तर घेऊन ती घरी परतली होती.

मित्रहो, अशा शंका वेळीच टिपण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्या पालघरमधून सुरू झाला. जन्मजात व्यंग, आजार, जीवनसत्त्वांची वा पोषणाची कमतरता आणि विकासातला विलंब या चारही गोष्टी त्यात येतात. नवजात बाळाला आशाताई घरी जाऊन पाहते, अंगणवाडीत वर्षातून दोनदा पथक येतं, आणि शंका आली की बाळाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवायचं असतं. 40 टक्के अपंगत्वाची अट 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. ती आरक्षणासारख्या लाभांसाठी, या तपासणीसाठी नाही. तरीही “आधी सर्टिफिकेट आणा” हे वाक्य तान्ह्या बाळांच्या आयांना ऐकावं लागतं. याचं मला मनापासून दुःख होतं.

अमेरिकेने 1986 साली तीन वर्षांखालच्या मुलांसाठी अशा शीघ्र हस्तक्षेप सेवांचा कायदा केला. विलंबाची व्याख्या तिथे प्रत्येक राज्य आपापली करतं. पण त्या व्यवस्थेतल्या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. बाळाचं नाव यंत्रणेकडे आल्यापासून 45 दिवसांत तपासणी आणि कुटुंबासोबतची आखणी बैठक व्हावी लागते. आणि चाचणीचे गुण कमी पडले, तरी तज्ज्ञाच्या अनुभवी मतावर बाळ पात्र ठरू शकतं.

शंका खोटी ठरली तर काय? बाळ चार दिवस चटईवर जास्त खेळलं, एवढंच. थांबणं चुकलं तर मात्र मेंदू सर्वांत वेगाने घडण्याचे ते महिने परत मिळत नाहीत. निदानाचं नाव सावकाश ठरवू, शिक्का मारायची घाई नको. हात लावायला मात्र उशीर नको.

म्हणून माझ्या दोन मागण्या आहेत. शासनाने केंद्रात पाठवण्याच्या चिठ्ठीपासून पहिल्या तपासणीपर्यंतची मुदत ठरवून द्यावी. आणि आपण, उद्या ओपीडीत बसल्यावर, आई जे म्हणते ते तिच्याच शब्दांत केसपेपरवर लिहावं, तारीख घालून. पात्रतेचा पहिला पुरावा तिथेच असतो.